काकी पुढे, सुभेदार मागे

आमच्या बिल्डिंगमध्ये भित्री म्हणून माझा पहिला नंबर होता आणि तो मी कधी कोणाला घेऊ दिला नाही. पाल, गॅस सिलिंडरचा वास, भरदुपारी दारात उभा राहिलेला तारवाला, चालता चालता थांबून मागे बघणारा अनोळखी माणूस, या सगळ्यांना मी सारख्याच इमानानं घाबरायचे. आमचे हे म्हणायचे, "तुला एखाद्या दिवशी कशाचीच भीती वाटली नाही, तर तू त्यालाही घाबरशील." ते खरंच होतं. पण त्यात एक फायदा असतो. भित्र्या माणसाला दुसऱ्याची भीती लांबून ओळखू येते. हात कुठे ठेवलाय, नजर कुठे आहे, आवंढा कधी गिळला, एवढं पुरतं. सुभेदार धुरींच्या बाबतीत मात्र मी सपशेल फसले. सहा-सात महिने मी त्या माणसाला घाबरत राहिले आणि तो माणूस स्वतः कशाला तरी घाबरतोय, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

ही चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. नाहूर स्टेशनच्या पूर्वेला आमची तीन मजली बिल्डिंग होती आणि तिच्यापुढे मैदान. मैदान म्हणायचं ते आपलं बरं दिसतं म्हणून. तिथून रस्ता करून देतो असं बिल्डरनं सांगितलं होतं, आणि चाव्या हातात ठेवून तो जो गेला तो गेलाच. डांबरी रस्त्यापासून आमच्या गेटपर्यंत दीडेकशे पावलांचं उघडं रान होतं. गवत, खड्डे, विटांचे तुकडे आणि मिठागरांवरून येणारा खारा वारा. येण्याजाण्यानं एक पायवाट पडली होती तेवढीच.

त्या पायवाटेनं रोज सकाळी साडेसातला सुभेदार कामाला निघायचे. फौजेतून निवृत्त झाल्यावर ते भांडुपच्या एका कारखान्यात सिक्युरिटीवर होते. माणूस बुटका, कान मोठे, शर्टाचं गळ्याचं बटण बारा महिने लावलेलं, आणि पायात खडूनं पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट. त्यांच्या पुढे धुरीकाकी. बरोबर नाहीत, मागे नाहीत, पुढे. काकी चार पावलं पुढे, सुभेदार मागे, मान खाली. डांबरी रस्ता आला की काकी बाजूला व्हायच्या, सुभेदार ताडताड एकटे निघून जायचे आणि काकी परत फिरायच्या. संध्याकाळी साडेपाचला पदर खोचून काकी पुन्हा रस्त्याच्या कडेला हजर.

आमच्याकडे निम्मी घरं कोकणातली. नवरा छत्री घेऊन पुढे आणि बायको पिशव्या घेऊन मागे, ही चाल सगळ्यांच्या अंगात मुरलेली. त्यात हे उलटं प्रकरण. सकाळी साडेसातला गॅलऱ्यांमधून लोक दात घासता घासता बघायचे. तळमजल्यावरचा बाळा परब गिरणी बंद पडल्यापासून रिक्षा चालवायचा आणि तोंड त्याहून जोरात चालवायचा. तो एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "फौजेत सुभेदार, घरात शिपाई. झकास आहे ना?" सगळे हसले. मीही हसले. ते लपवण्यात अर्थ नाही.

आम्ही नवीन राहायला आलो होतो तेव्हाची गोष्ट. रविवार होता. बाजारातून दोन पिशव्या घेऊन येत होते, ऊन मी म्हणत होतं, म्हणून पायवाट सोडून गवतातून सरळ गेटकडे निघाले. दहा पावलं गेले असेन, तोच वरून आवाज आला.

"थांबा! आहात तिथंच थांबा!"

असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. तो रागाचा नव्हता. रागाचा असता तर मी पळाले असते. माझा एक पाय उचललेला होता, तो तसाच राहिला. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत सुभेदार कठडा धरून उभे होते.

"पाय खाली ठेवू नका. मागे घ्या. आल्या पावलांवरून मागे जा. वळू नका."

मला वाटलं साप आहे. मोठा, पायाशीच. तशीच उलटी, स्वतःच्याच पावलांवर पाय ठेवत पायवाटेपर्यंत आले, तोवर ब्लाउज घामानं चिंब झाला होता. वर पाहिलं तर गॅलरी रिकामी. गवतात काहीच नव्हतं. संध्याकाळी काकी जिन्यात भेटल्या आणि खाली बघत म्हणाल्या, "वाटेन येत जा गो शालन. ह्येंका बरा वाटता." मी मान हलवली. त्या दिवसापासून जिन्यात त्यांच्या बुटांचा आवाज आला की मी दार लोटून घ्यायची.

तरी शेजारी किती टाळणार? हळूहळू त्यांच्या सवयी दिसायला लागल्या. त्यांच्या गॅलरीत तुळस, सदाफुली, ओवा अशा कुंड्या होत्या. रोप लावायचं तर इतर माणसं बोटानं खड्डा करतात. सुभेदार काकींची विणायची सुई घ्यायचे, ती तिरकी धरून मातीत हळूच सारायचे, थांबायचे, काढायचे, दोन बोटं सोडून पुन्हा सारायचे. सगळी कुंडी अशी तपासून झाली की मग रोप. एका सदाफुलीला त्यांनी पाऊण तास लावलेला मी पाहिलाय. कोणी चेष्टा केली तर म्हणायचे, "सावकाश. घाई करणारे गेले, आपण आहोत." हे वाक्य ते कुठेही टाकायचे. रेशनच्या रांगेत, गरम चहाच्या कपावर, आणि लग्न ठरत नाही म्हणून कंटाळलेल्या माणसालासुद्धा. लोक हसायचे. मला त्यातल्या "गेले" या शब्दाचं काहीतरी व्हायचं.

आणखी एक सवय. आमचे सेक्रेटरी गोखले बँकेत होते, मनानं फार चांगले. त्यांनी पाण्याच्या टाकीचं काम सुभेदारांकडे दिलं होतं. टाकी अशी घासून घ्यायचे की तळ दिसावा. पण खाली आल्यावर गोखल्यांनी विचारलं, "काय सुभेदार, टाकी साफ?" की उत्तर ठरलेलं. "धुतलीय. तुम्ही एकदा स्वतः बघून घ्या." कधी "हो, साफ आहे" म्हणाले नाहीत. गोखले याला विनय समजायचे. गुडघे दुखत असताना बिचारे शिडी चढून टाकीत डोकावायचे.

त्याच गोखल्यांच्या मनात आलं की येत्या सव्वीस जानेवारीला झेंडा सुभेदारांच्या हातून लावायचा. कमिटीत म्हणाले, "आपल्यात एक लढाई पाहिलेला माणूस राहतो आणि आपण त्याला पाण्याच्या टाकीवर बसवलंय. शोभतं का हे?" सगळ्यांना पटलं. मग उत्साहाला भरतं आलं. झेंडा मैदानाच्या मधोमध. गेटपासून तिथपर्यंत गवत कापून खास वाट. वाटेच्या दोन्ही अंगांना फक्कीच्या पांढऱ्या रेघा आणि दोरीला ओळीनं लाल तिकोनी पताका. गोखले म्हणाले, रंगीबेरंगी नकोत, गणपती वाटेल, एकच रंग हवा, लष्करी शिस्तीचा. बाळानं पहाटे उठून, सुतळी ताणून, रेघा मारल्या. त्याच्या हाताला काम लागलं की तो मन लावून करायचा.

काकींना मुद्दाम बायकांबरोबर झेंड्यापाशी खुर्चीवर बसवलं होतं. आज सुभेदारांनी एकट्यानं, मानानं चालत यायचं होतं.

मी गेटपाशी पेढ्यांचं ताट घेऊन उभी होते. सुभेदार काळ्या कोटात, छातीवर पदकं लावून खाली आले, हसत होते. गेटबाहेर एक पाऊल टाकलं आणि समोर पाहिलं. हसू तोंडावर तसंच राहिलं, पण त्याच्या मागचा माणूस निघून गेला. दोन्ही हात पँटच्या शिवणीवर घट्ट. गळ्याशी लावलेल्या बटणावर कंठाची घाटी वर गेली आणि खाली आली. मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. मी घाबरते तसा हा माणूस घाबरलाय, आणि माझ्यापेक्षा कितीतरी जास्त.

"बाई," ते माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "ही तार कोणी लावली?"

"तार नाही काका. सुतळी आहे. पताका आहेत."

"हो. पताका आहेत," ते म्हणाले. आणि हलले नाहीत.

"या, सुभेदार, या," गोखले लांबून हात करत होते. एक मिनिट गेलं असेल, दोन गेली असतील. लोक एकमेकांकडे बघायला लागले. सुभेदारांच्या कपाळावरून घामाची धार कोटावर उतरली. मग काकी खुर्चीवरून उठल्या. त्या सगळी वाट चालत गेटपर्यंत आल्या, वळल्या, "चला" म्हणाल्या आणि पुढे निघाल्या. सुभेदार मागे. कापलेल्या गवतावर काकींच्या चपला जिथे पडतील बरोबर तिथेच ते पांढरे बूट पडत होते.

मागून बाळाचा आवाज आला, "काय सुभेदार, लढाईत पण काकीच पुढे होत्या काय?"

मोठा हशा झाला. यावेळी मी हसले नाही. पण कोणाला गप्पही बसवलं नाही. सुभेदारांनी झेंडा लावला, सलाम केला, तेव्हा हात अजिबात हलला नाही. तसेच काकींच्या मागून घरी गेले आणि पुढचे आठ दिवस खाली उतरले नाहीत.

नवव्या दिवशी मला ऑफिसला सुट्टी होती; दुपारी काकी माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या. मी नारळ खवत होते. 

"लोक हसतत ता हसांदेत," त्या म्हणाल्या. "पण तू हसलंस नाय. म्हणान तुका सांगतंय."

एकाहत्तरची लढाई संपली, बाकीच्या पलटणी हारतुरे घेऊन घरी परतल्या. सुभेदारांचं काम तेव्हा सुरू झालं. सरहद्दीवरच्या शेतांत पेरून ठेवलेले सुरुंग काढायचे, म्हणजे शेतकऱ्यांना परत येता येईल. महिनोन् महिने गुडघ्यांवर बसून, संगिनीचं टोक तिरकं सारत, वितीवितीनं जमीन तपासायची. तपासलेल्या पट्ट्याला पांढरी फीत लावायची. तपासायच्या राहिलेल्या जमिनीला तार, आणि तारेला लाल तिकोनी पत्रे. जोडीला सदा गावडे होता, त्यांच्याच शेजारच्या वाडीतला.

"एक पट्टो ह्येंनी स्वता बघल्यानी," काकी सांगत होत्या. "फीत लावल्यानी. आणि सदाक सांगल्यानी, साफ असा, हो पुढे." त्यांनी विळीखालचं ताट सारखं केलं. "सदा पुढे झालो."

मी विळी बाजूला सारली.

"घराक इले तेव्हा दारातसून पाण्याच्या बावीपर्यंतसुद्धा जाईनत. अंगणात पाय टाकुक भय. डांबरार चलतत, फरशीर चलतत, पण माती दिसली काय संपला. वर्षभर घरात बसले. मगे मी म्हटलंय, मी पुढे जातंय. रडले ओ, नको म्हणाले. मी आयकलंय नाय. मी पुढे गेलंय काय त्येंका येवचाच लागता. माका एकट्याक सोडूचे नाय ते."

मी विचारू नये ते विचारलं. "तुम्हाला भीती नाही वाटत काकी?"

"आधी वाटी नाय," त्या म्हणाल्या. "जमिनीत काय नाय, माका म्हायत असा. पण बारा वर्सां कोण मागसून तसो श्वास घेता ना, मगे आपल्या पायांकय कळता. आता माकाय भय वाटता. पण ता ह्येंका सांगा नको हां. आणि तुका कळला, ताय सांगा नको. फौजी माणूस बायलेक पुढे घालता, ह्या कोणी बोलला तर ते जगूचे नाय."

मी शब्द दिला आणि दोन दिवसांनी मोडला. पण विचार करून मोडला. दोघांनाच सांगितलं, गोखल्यांना आणि बाळाला. गोखल्यांनी चष्मा काढला आणि तो पुसतच राहिले. बाळा भिंतीला टेकून उभा होता. "ती दोरी मी लावली, वैनी," तो म्हणाला. "रेघ सरळ यावी म्हणून दोनदा फक्की मारली मी." एरवी तोंडाचा पट्टा बंद न होणारा हा माणूस त्यानंतर कितीतरी दिवस सुभेदारांसमोर मान वर करायचा नाही.

मे महिन्यात काकींच्या पोटात दुखायला लागलं. मुलुंडच्या एका नर्सिंग होममध्ये ऑपरेशन ठरलं. रिक्षा मैदानातल्या खड्ड्यांतून गेटपर्यंत येत नसे, म्हणून बाळानं ती रस्त्यावर उभी केली होती. काकी पोट धरून, वाकून चालत होत्या आणि तरीही चार पावलं पुढे होत्या. सुभेदार मागे, हातात पिशवी, तिच्यातून काकींच्या विणकामाच्या सुया बाहेर आलेल्या. त्या दिवशी गॅलऱ्यांमध्ये दात घासणारं कोणी नव्हतं. सगळे नुसते उभे होते.

रात्री रिक्षा लावून येणाऱ्या बाळाच्या मागोमाग सुभेदार घरी परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ते डबा घेऊन गेटात आले आणि तिथेच थांबले. आता पुढे काकी नव्हत्या. समोर माती, पलीकडे रस्ता, त्याच्या पलीकडे मुलुंड, आणि तिथे खाटेवर काकी वाट बघत असणार. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी वरून बघत होते. हा माणूस आता परत वर गेला, तर पुन्हा खाली येणार नाही, एवढं मला कळत होतं.

तेवढ्यात तळमजल्याचं दार उघडलं. बाळा लुंगीवरच बाहेर आला. "च्यायला, बिडी संपली," असं हवेला सांगून, शीळ घालत, पाय आपटत पायवाटेनं रस्त्याकडे निघाला. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. चार पावलं मधे गेली आणि सुभेदारांचा पांढरा बूट उचलला गेला.

संध्याकाळी रस्त्याच्या कडेला गोखले उभे होते. त्यांची बस चुकली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बाळाची बिडी संपली. कोणी ठरवलं नाही, कागदावर नावं लिहिली नाहीत, पण सुभेदार गेटात आले की त्या वेळी कोणाला तरी बाहेर काम निघायचंच. माझी पाळी चौथ्या दिवशी आली.

मी पुढे, सुभेदार मागे. ही वाट मी हजार वेळा चालले होते. नाहूरच्या जमिनीत काय असणार? विटांचे तुकडे आणि बाटल्यांची बुचं. पण मागून तो श्वास येत होता, मोजून घेतलेला, माझं पाऊल टेकेपर्यंत थांबलेला आणि टेकल्यावर सुटलेला. विसाव्या पावलाला माझ्या तळव्यांना मुंग्या आल्या. प्रत्येक खडा चपलेतून कळायला लागला. पाय टाकायच्या आधी मन म्हणायचं, नको. दीडशे पावलं एकदाची संपली. काकींनी हे बारा वर्षं केलं होतं.

रस्त्यावर आल्यावर सुभेदार थांबले. "बाई, तुमचं ऑफिस दहाचं ना?"

"आज जरा लवकर होतं," मी म्हटलं.

"बाळाची बिडी रोज संपते. गोखल्यांची बस रोज चुकते." ते रस्त्याकडे बघत होते. "खरं सांगा. पुढे चालताना भीती वाटते?"

खोटं बोलायला पाहिजे होतं. पण भीतीच्या बाबतीत मला खोटं बोलता येत नाही. "वाटते," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "सदा तरी एकदाच गेला," ते म्हणाले. "हिला मी रोज दोनदा पाठवतो." आणि ताडताड निघून गेले. सदा कोण, हे मी विचारलं नाही. मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं, हे तेव्हा कळलं.

दहाव्या दिवशी काकींना घरी सोडणार होते. आणायला सुभेदार, मी आणि बाळाची रिक्षा. दुपारी चारला रस्त्याच्या कडेला उतरलो आणि समोर बघितलं. पायवाट नव्हती. गवत नव्हतं. पावसाळ्यात पाणी साचतं म्हणून सोसायटीनंच महिन्याभरापूर्वी भरावाचे ट्रक सांगून ठेवले होते, आणि ते नेमके त्या दिवशी दुपारी येऊन गेले होते. रस्त्यापासून गेटपर्यंत लालभडक मुरूम, सपाट पसरलेला. त्याच्यावर माणसाचं एक पाऊल उमटलेलं नव्हतं.

पलीकडून गोखले छत्री हलवत, "अहो चुकलं, साफ विसरलो मी," म्हणत आमच्याकडे पळत निघाले. दहा-बारा पावलं आले असतील.

इकडे काकी रिक्षातून उतरल्या. अंगात काही उरलं नव्हतं, चेहरा पांढरा पडला होता. पण सवयीनं त्यांनी पदर खोचला, सुभेदारांच्या पुढे झाल्या आणि मुरमावर पाऊल टाकायला पाय उचलला. तो खाली ठेवलाच नाही. मागे घेतला.

"माका जमाचा नाय ओ," त्या म्हणाल्या. "माका भय वाटता."

सुभेदार त्यांच्याकडे बघत राहिले. बारा वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा ऐकलं होतं.

"मी जातो ना पुढं," म्हणत बाळा सरसावला.

"थांब, बाळा." मग मान वर करून, त्या रविवारच्या आवाजात, "गोखले! आहात तिथंच थांबा. पाऊल टाकू नका!"

गोखले एक पाय पुढे, एक मागे असे जागच्या जागी थिजले. सुभेदारांनी काकींना परत रिक्षात बसवलं. पिशवीतून विणायची सुई काढली. तिच्याकडे जरा वेळ बघितलं. मग मुरमाच्या कडेला गुडघे टेकले.

सुई तिरकी सारली. थांबले. काढली. दोन बोटं सोडून पुन्हा सारली. हातभर जमीन झाली की गुडघे पुढे सरकवायचे.  मधेच एकदा ते कपाळ हातावर टेकून इतका वेळ तसेच बसले की बाळा माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली, नको. मग सुई पुन्हा हलली. सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. कोणी खोकलं नाही. कोणाला हे वेड वाटलं असेल, तर त्यानं ते पोटात ठेवलं.

गोखले तसेच उभे होते. एक पाय पुढे, एक मागे, दुखऱ्या गुडघ्यांनी, मेच्या उन्हात. त्या मुरमात काही नाही हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? ट्रक त्यांनीच आणवले होते. पण दीड-दोन तास तो माणूस छत्रीही न उघडता उभा राहिला. सुभेदार त्यांच्यापाशी पोचले, त्यांच्या चपलांभोवती सुई फिरवली आणि म्हणाले, "आता आल्या पावलांवरून मागे जा. वळू नका." गोखले तसे गेले. उलटे, एकेक पाऊल, गेटपर्यंत.

सुभेदार गेटाला हात लावून उठले. पँट गुडघ्यांवर लाल झाली होती. मग स्वतःच्याच खुणांवरून चालत परत आले आणि रिक्षासमोर उभे राहिले. काकी उतरल्या. सुभेदारांचं तोंड उघडलं आणि मिटलं.  तो शब्द बाहेर काढायला त्यांना जमीन तपासण्यापेक्षा जास्त त्रास झाला, असं मी शपथेवर सांगेन.

"साफ असा," ते म्हणाले. "ये माझ्या मागसून. माझ्या पावलार पावल ठेव. भिव नको."

आणि वळले आणि पुढे झाले. काकी मागे. मी आणि बाळा तिथेच उभे राहिलो. बाळानं तोंडावरून हात फिरवला आणि रिक्षा पुसायला लागला, धूळ नसताना.

त्यानंतर त्या मुरमावर वाट पडली ती बरोबर सुभेदारांच्या गुडघ्यांच्या रेघेवर. तिला कारण नसताना मधे एक वळण होतं, गोखले उभे होते तिथे. सगळी बिल्डिंग ते वळण घेऊन चालायची. कोणी पाहुणा सरळ जायला लागला की तळमजल्यावरून बाळा ओरडायचा, "ओ साहेब, वाटेनं चला ना." पुढच्या वर्षी धुरी गावी राहायला गेले आणि मग रस्ताही झाला.

ते जायच्या आधीची एक सकाळ माझ्या डोळ्यांसमोर आहे. साडेसातची वेळ. दुसऱ्या मजल्यावर नुकत्याच राहायला आलेल्या एक बाई माझ्याबरोबर गॅलरीत उभ्या होत्या. खाली पांढरे बूट वळणावरून जात होते, सावकाश, आणि चार पावलं मागून काकी, हातात पिशवी, नजर त्यांच्या टाचांवर. त्या बाईंनी नाक मुरडलं.

"सुभेदार ना हे? एवढे शिकलेसवरलेले, जग बघितलेले," त्या म्हणाल्या. "आणि बायकोला मागे ठेवून आपण पुढे. बरोबर घेऊन चालायला काय होतं ह्यांना?"

मी ती दोघं रस्त्याला लागेपर्यंत बघत राहिले.